मागे राहणारे

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे गणिताच्या सरांनी वर्गात शंभरदा तरी सांगितलं होतं. आपल्याला गुण किती पडले हे गौण. परीक्षेला बसलेल्यांपैकी शेकडा किती जण आपल्या मागे राहिले, ते महत्त्वाचं. यंदा प्रवेश परीक्षेला सरांची लेकही बसणार होती, आणि तिच्या मागे राहणारे जितके वाढतील तितकं बरं, हा विचार काही केल्या त्यांच्या डोक्यातून जाईना. लाखभर मुलांत सात जणांनी पडणारा फरक दशांशचिन्हानंतर फार लांब कुठेतरी असतो, हेही त्यांना नेमकं ठाऊक होतं. तरीही वर्गातली सात कच्ची मुलं हेरून त्यांनी त्यांना फॉर्म भरायला लावले.

"सर, मी चाचणीतसुद्धा गटांगळ्या खाते. मी कशाला बसू?" शेवटच्या बाकावरची मुलगी म्हणाली होती.

"अगं, बसायला काय जातंय तुझं? अनुभव मिळेल," असं म्हणताना सरांनी तिच्याकडे पाहणं टाळलं होतं.

निकाल लागला. लेकीला एक्क्याण्णव पर्सेंटाइल मिळाले आणि त्या मुलीला त्र्याण्णव. दुसऱ्या दिवशी ती आईला घेऊन सरांच्या घरी आली.

"घरच्यांनीसुद्धा हिला मोडीत काढलं होतं, सर," आईनं हात जोडले. "एका तुम्हालाच हिच्यात काहीतरी दिसलं."



"सांगा ना बाबा, काय दिसलं होतं?" शेजारी उभ्या असलेल्या लेकीनं मोठ्या कौतुकानं विचारलं.