हरणाबाईचं शिंकं

भुरीच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती. हरिबानं मांजराला छातीशी धरलं, जिना उतरला आणि खालच्या मजल्यावरच्या उदयसिंहांचं दार बडवलं. ते जनावरांचे डॉक्टर.

"आवं डाक्टर, बगा की. भुरी ऱ्हातीय का न्हाई?"

उदयसिंहांनी भुरीचं तोंड उघडलं. जिभेला हिरवा तुकडा चिकटला होता.

"मनीप्लांट खाल्लंय हिनं."

पंधरा दिवस झाडाला पाणी नव्हतं. दर वेळी खुर्चीवर कोण चढणार, म्हणून आजच हरिबानं कुंडी वरून काढून फरशीवर ठेवली होती.

डॉक्टरांनी भुरीचं तोंड पाण्यानं धुतलं, बोटानं थोडं दही चाटवलं. "जीव जायचा नाही. पण या पानानं तोंडाची आग आग होते. इतके दिवस कशी वाचली ही?"

"मालकीन हुती तवा झाड शिंक्यात असायचं."

त्याची बायको हरणाबाई जाऊन दोन महिने झाले होते. निम्मा जन्म मेंढरांमागं गेलेली बाई. मिरजेच्या या दोन खोल्यांत आल्यावर तिनं लोकरीचा दोर वळला, शिंकं केलं आणि त्यात कुंडी टांगली. वेल खाली लोंबू द्यायची नाही, दोराभोवती वर गुंडाळायची. हरिबा चेष्टा करायचा, "दुधाला शिंकं असतंय गं. झाडाला कुनी करतं व्हय?"

"तुमी नगा डोकं लावू," ती म्हणायची.

"हे झाड बाधतं, हे त्यांना कुणी सांगितलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोन सांगनार? नव्या रानात मेंढरं सोडायच्या आदी अनोळखी पाला ती सोता जिभंला लावून बगायची." हरिबानं भुरीचं तोंड पुसलं. "ह्ये झाड आनलं त्या दिशी सारखी ताक पीत हुती. च्यानं तोंड पोळलं म्हनली मला."

तिसऱ्या दिवशी भुरी नीट खाऊ लागली. हरिबा खुर्चीवर चढला. शिंक्याची गाठ हरणाबाईनं मारलेली, ती त्यानं तशीच राहू दिली. कुंडी आत ठेवली, वेल दोराभोवती गुंडाळली आणि खाली उतरला.

भुरी खुर्चीवर जाऊन बसली. वर बघत राहिली. मग अंग आखडून तिनं सगळा जोर लावून उडी मारली.

पंजा वीतभर कमी पडला.