एकसारख्या आरत्या

चिपळूणच्या कुमुदकाकूंच्या घरच्या सर्व्हरला नवं साठवण-यंत्र जोडलं आणि त्यात चित्रित करून ठेवलेल्या गणपतीच्या तीस वर्षांच्या आरत्यांची एकच आरती झाली.

“सगळ्या एकसारख्याच होत्या, काकू,” यंत्र अदबीनं म्हणालं. “सर्वांत सुरेल तेवढी ठेवली.”

काकूंनी ती लावली. टाळ अगदी तालात वाजत होते, म्हणजे ती काका गेल्यानंतरची होती. काका टाळ असे बडवायचे की भटजी आरती विसरायचे. एका वर्षी तर मूर्तीपुढचा उंदीर तोंड फिरवून बसला म्हणतात. काका गेल्यावर तो खणखणाट फक्त त्या जुन्या आरत्यांमध्येच उरला होता.

“बाकीच्या परत आण.”

“त्यापेक्षा हिच्यातच काकांना बसवतो. तालात वाजवतील.”

“मेल्या, यांना तालात आणणं मला जन्मभर जमलं नाही, तू कोण लागून गेलास?”

काकूंनी नवं यंत्र उपटलं आणि काढून ठेवलेल्या जुन्या डिस्क पुन्हा जोडल्या. सर्व्हर घरघरला. पडद्यावर काका टाळ घेऊन उभे राहिले. काकूंनी आवाज पार वर नेला.

“काकू, ताल चुकतोय!” शेजारचे सुर्वे खिडकीतून ओरडले.

“चुकणारच! आरती चालू आहे, बसलात काय? उभे राहा!”