नवरीचा गळा

रेवतीच्या लग्नाचा अल्बम घेऊन तिचे वडील भास्करराव स्टुडिओत आले.

"डॉक्टर म्हणाले, कॅन्सरची गाठ लग्नाआधीचीच होती. हल्ली सगळ्यांना टोचतात त्या लसीतले कण अशा गाठीपाशी जमतात आणि कुठल्याही कॅमेऱ्यात चमकतात. मग हळदीच्या एकाही फोटोत तिच्या गळ्यावर काहीच कसं नाही हो?"

फोटोग्राफर दिगंबर अल्बमची पानं उलटू लागला. मुरमांपाशीही ते कण थोडे चमकायचे, म्हणून नवरीच्या फोटोतले असले सगळे ठिपके पुसायचे, हा धंद्याचा रिवाजच होता. रेवतीच्या गळ्यावरचा तांदळाएवढा ठिपकाही त्याने सवयीने पुसला होता.

भास्कररावांनी एका फोटोवर बोट ठेवलं.

"यात फार छान दिसतेय. हाच मोठा करून द्या. तेराव्याला हार घालायचाय."