फिकी पट्टी

पट्टी दुसऱ्यांदाही फिकीच निघाली.

वाजिदनं ती चिमट्यात धरून खिडकीजवळ नेली. मशीनमधली वाफ नीट तापली असती, तर पट्टी कोळशासारखी काळी व्हायला हवी होती. दवाखान्यांतली हत्यारं निर्जंतुक करायच्या मशिनी दुरुस्त करणं, हे त्याचं अठरा वर्षांचं काम. लातूरच्या या दातांच्या दवाखान्यात तो नांदेडहून वर्षातून एकदा यायचा. आज सुकन्या नावाची नवी मदतनीस पट्ट्यांचं पाकीट घेऊन त्याच्या मागंच उभी राहिली. “आधीच्या दवाखान्यात आम्ही दर आठवड्याला मशीनमध्ये पट्टी लावायचो,” ती म्हणाली. तिच्यासमोर नको म्हणायची त्याला लाज वाटली होती.

डॉक्टर दामिनी आत आल्या. मास्क हनुवटीवर ओढलेला, कपाळावर घाम.

“झालं का, वाजिदभाई? सही करा. उद्या सकाळी तपासणीची टीम येतेय.”

“मॅडम, दाराचं रबर कडक झालंय. वाफ धरतच न्हाई. दाबाचा काटा बरोबर जागेवर दिसतो, पण काटाच खोटा हाय. हत्यारं नुसती गरम होऊन राहिलीत. जंतू मरत न्हाईत.”

“मग बदला रबर.”

“हैदराबादहून मागवावं लागंल. तीन दिवस लागतील. तोवर दात काढणं बंद ठेवा.”

“बंद?” दामिनींचा आवाज चढला. “बाहेर बावीस पेशंट बसलेत. कुणी रेणापूरहून आलंय, कुणी किल्लारीहून. गाल धरून बसलेत बिचारे. त्यांना घरी पाठवू? आणि उद्या टीमला काय सांगू?”

“खरं ते सांगा.”

“मला शिकवू नका. डॉक्टर मी आहे. तुम्ही मेकॅनिक आहात.” त्यांनी छापील फॉर्म टेबलावर आपटला आणि त्यावर पेन ठेवलं. “सही करा आणि निघा.”

वाजिदनं पेनाला हात लावला नाही.

दामिनींनी दार लोटलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, “नीट विचार करा. हे बाहेर गेलं, तर जास्त तुम्हीच अडकाल.”

“हाव. ठाऊक हाय मला.”

“मग चालू लागा.” त्या वळल्या. “सुकन्या, ट्रे घे. पुढचा पेशंट बोलाव.”

सुकन्या जागची हलली नाही. “मॅडम, ही हत्यारं तर याच मशीनमधली...”

“उद्यापासून यायचं नसेल तर तसं सांग.”

सुकन्यानं ट्रे उचलला.

वाजिद पिशवी खांद्याला लावून बाहेर आला. बाकं भरली होती, चार-पाच जण भिंतीला टेकून उभे होते. तो दारापर्यंत पोचला. तेवढ्यात मागून सुकन्याचा बारीक आवाज आला, “बालाजी, रेणापूर. आत या.”

एक दांडगा माणूस उठला. त्याचा डावा गाल डोळ्यापर्यंत सुजला होता. वाजिद माघारी फिरला आणि त्याच्या आडवा उभा राहिला.

“भाऊ, आज दात काढू नका. कुणीच काढू नका. आतली हत्यारं धुतलेली हायत, पण जंतू मेलेले न्हाईत. एकाची कावीळ दुसऱ्याला लागंल.”

कुणीही त्याचे आभार मानले नाहीत.

“तीन दिस पोटात घास न्हाई माझ्या,” बालाजी म्हणाला. शब्द त्याच्या तोंडातून धड निघत नव्हते. “अन् तू मला अडवून राहिलास? कोण रे तू?”

“दुसऱ्या डॉक्टरनं पाठवला असंल,” बाकावरून कुणीतरी म्हणालं.

“हाणा त्याला. सकाळपासून नंबर लावून बसलोय आम्ही.”

बालाजीनं त्याची कॉलर धरली. वाजिदनं ती सोडवली नाही.

गलका ऐकून दामिनी बाहेर आल्या. आता त्या अगदी शांत होत्या.

“सोडा त्यांना. आमचेच मेकॅनिक आहेत. पुढच्या वर्षीपासून काम दुसऱ्याला देणार म्हटलं, म्हणून बिथरलेत.” त्यांनी भिंतीकडं बोट केलं. तिथं काचेच्या चौकटीत तीन प्रमाणपत्रं लावली होती. “वाचा तुम्हीच. मशीन तपासली, उत्तम स्थितीत आहे. तिन्ही वर्षांची सही यांचीच आहे. तीन वर्षं चांगली असलेली मशीन आज एकदम खराब झाली?”

लोकांना ते पटलं. बालाजीनं वाजिदला एक हिसडा देऊन बाजूला लोटलं. “शरम वाटू दे जरा,” एक म्हातारा म्हणाला आणि दाराबाहेर जाऊन थुंकला.

वाजिदची पाठ भिंतीला लागली. दार दोन पावलांवर उघडंच होतं.

कोपऱ्यात किल्लारीची महादेवी बसली होती. सोबत सात-आठ वर्षांची नात. आता महादेवी उठली, नातीचा हात धरून भिंतीपाशी आली आणि शेवटच्या चौकटीवरची तारीख बोटानं वाचू लागली.

“मागच्या साली याच महिन्यात हिची दाढ हितं काढली,” ती वाजिदला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “ही सही तवाचीच हाय. आज मशीन बिघडली असंल बाबा. पण तवा तर चांगली होती न्हवं?”

दामिनी पुढं झाल्या. “वाजिदभाई,” त्या घाईनं म्हणाल्या, “तुम्ही जा आता.”

वाजिदनं त्या पोरीकडं बघितलं. ती आजीच्या पदराआडून त्याच्याकडं बघत होती.

“मला न्हाई ठाऊक, मावशी,” तो म्हणाला. “सही मी केली होती. मशीन उघडली नव्हती.”