साहेबांचं वजन

"म्हातारं कुत्रं आणू नकोस," ताईने बजावलं होतं. "त्याची दुखणी काढता काढता घरातली माणसं दिसेनाशी होतील तुला."

"तुझं आपलं काहीतरीच," म्हणत तिने फोन ठेवला आणि त्याच दुपारी प्राण्यांच्या निवाऱ्यातून दहा वर्षांचं ते केसाळ धूड घरी आणलं. एक कान दुमडलेला, आणि सगळ्या जगाने अर्ज घेऊन रांगेत उभं राहावं असा चेहरा. सासऱ्यांनी बघताक्षणी नाव ठेवलं: साहेब.

महिन्याभरात साहेबांच्या मूत्रपिंडांनी राजीनामा दिला.

डॉक्टरीणबाई घरी येऊन रक्त घेऊन गेल्या, कारण साहेबांना कुठे न्यायची सोय नव्हती. आधीच्या मालकाने त्यांना गाडीतूनच नेऊन सोडलं होतं. गाडीचं दार उघडलं, की त्यांचं अंग लटपटायला लागे.

"मग फोनवर बोलत राहू," बाई म्हणाल्या. "पथ्याचं खाणं, दोन गोळ्या, आणि दर रविवारी वजन. वजन मला काही करून हवं. उतरत गेलं, तर औषध लागू पडत नाही असं समजायचं."

गोळी म्हणजे रोजची लढाई. केळ्यात लपवली, तर साहेब केळं खात आणि गोळी तिच्या चपलेत आणून ठेवत. तिची दोन वर्षांची लेक, चिमणी, टाळ्या पिटे. नवरा "खाईल गं हळूहळू" म्हणून कामावर निघून जाई. कुणाला म्हणून कशाची पडलेली नव्हती.

वजनाची तऱ्हा आणखी वेगळी. साहेब काट्यावर एकटे क्षणभर टिकत नसत. मग तिने चिमणीच्या वेळची युक्ती काढली. चिमणी तान्ही असताना तिला कडेवर घेऊन ती काट्यावर उभी राहायची आणि आकड्यातून आपलं वजन वजा करायची. पण साहेब तिच्या हातात माशासारखे वळवळत. शांत राहत ते फक्त बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, कवेत. बाबांचं वजन अडुसष्ट. "वीस वर्षं झाली, एक ग्रॅम इकडचं तिकडे नाही," हे ते आल्यागेल्याला ऐकवत.

पहिल्या रविवारी दोघे मिळून शहाऐंशी भरले. साहेब अठरा.

तिसऱ्या रविवारी साहेब सतरा. सहाव्या रविवारी पंधरा. तिने पथ्याचं खाणं चमच्याने मोजून घातलं, वाडगा चाटूनपुसून साफ होताना डोळ्यांनी पाहिला, चिमणीच्या आधी साहेबांचं आवरलं. आकडा उतरतच राहिला. केसांच्या त्या पसाऱ्यात बरगड्या दिसायची सोय नव्हती.

"बाबा, खरं सांगा, तुम्ही त्याला चोरून काही घालता का? पथ्य मोडतं मग."

"मी कशाला घालू?"

"मग तुमच्या ताटातलं अर्धं जेवण रोज जातं कुठे?"

"कुठे जातंय? तसंच पडलंय की समोर." बाबा ताट सरकवून उठले. "साहेबाची काळजी लागलीय गं. घास उतरत नाही."

"तुम्ही आणखी आजारी पडू नका हं. आणखी एक दुखणं काढायला माझ्यात बळ नाही."

"नाही पडत बाई. पण तू म्हणतेस हा उतरलाय. मला तर जडच लागतो लेकाचा. उचलला की धाप लागते."

"किलोकिलोने उतरतोय तो, बाबा! आणि तुम्हाला जड लागतो?" तिने कपाळाला हात लावला. "या घरात सरळ उत्तर कुणी देईल का मला?"

नवव्या रविवारी काट्याने एक्याऐंशी दाखवले. साहेब तेरा.

फोनवर डॉक्टरीणबाईंनी आधीचे सगळे आकडे पुन्हा विचारून घेतले. मग म्हणाल्या, "आता आणायलाच हवं. आणि मन घट्ट करून या. इतक्या झपाट्याने खंगत असेल, तर त्याला यातून सोडवण्याबद्दल बोलावं लागेल."

सोमवारी सकाळी साहेबांना कवेत घेऊन बाबा जिना उतरले. उतरताना दोनदा टेकले.

"बाबा, चला ना! वेळ दिलीय त्यांनी," ती खालून ओरडली. ओरडताना तिचे डोळे भरून आले होते, म्हणून आवाज जास्तच चढला. गाडीत साहेब बाबांच्या काखेत नाक खुपसून सगळी वाट थरथरत राहिले.

दवाखान्यात बाबा चिमणीला घेऊन बाहेर बाकावर बसले. ती साहेबांना आत घेऊन गेली. जमिनीलगतच्या मोठ्या काट्यावर साहेब मात्र शहाण्यासारखे उभे राहिले.

"अठरा किलो दोनशे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. केसांत बोटं घालून त्यांनी बरगड्या चाचपल्या, पाठ दाबून पाहिली. "अंग चांगलं भरलेलं आहे. औषध लागू पडतंय याला. तेरा कुठून आणलेत तुम्ही?"

तिला हसावं की रडावं कळेना. आधी तिने साहेबांच्या मानेत तोंड खुपसलं, मग त्यांनाच दटावलं, "दोन महिने माझा जीव टांगणीला लावलास, मेल्या!"

"घरचा काटा बिघडलाय वाटतं."

"नाही हो. परवाच लेकीला उभं केलं, बरोबर बारा. इकडे तिकडे होत नाही तो."

"मग यांना कसं मोजता?"

"सासरे उचलून घेतात आणि काट्यावर उभे राहतात," ती रुमाल शोधत म्हणाली. "आकडा येईल त्यातून मी त्यांचे अडुसष्ट वजा..."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. दोघींनी एकदमच काचेच्या दारातून बाहेर बाकाकडे पाहिलं.

तुमच्याकडे काटा असेल, तर घरातल्या थोरल्या माणसाला आज एकदा त्यावर उभं करा. एकट्यालाच.