चटईखालची माणसं

दर शिरगणतीला सामोआतल्या आमच्या गावाची माणसं वडीलच मोजत. "असेच ऑकलंडला जात राहिलात, तर वीस वर्षांनी इथे भांडायलाही दोघं उरायचे नाहीत," ते म्हणत.

काल अळूच्या वाफ्यावरून भांडण झालं आणि शेजारच्या इओसेफोने त्यांना कोयत्याने तोडलं. त्याला पोलिसांनी नेलं.

रिवाजाप्रमाणे पहाटे त्याचं घराणं चटई पांघरून आमच्या दारात येऊन बसलं. माफ करायचं तर चटई उचलायची, नाहीतर वरूनच घाव घालायचे. भाऊ सगळे ऑकलंडला, म्हणून कोयता मीच उगारला.



चटईखालून इओसेफोची आजी म्हणाली, "मी एकटीच आहे, पोरी. मार खुशाल. पण आधी दोघी मिळून तुझ्या बापाचा खड्डा खणू, एकटीला उरकायचं नाही तुला."