फणसाची सावली

अनसूयामावशींनी फणसाच्या खोडाला हळदकुंकू वाहिलं आणि कुऱ्हाड घेऊन उभ्या असलेल्या गड्याला खूण केली. "फुलू दे तुझी बाग, मोरेश्वर," त्या कुंपणापलीकडून म्हणाल्या.

नव्या घरामागे मोरेश्वरने हौसेने गुलाब लावले होते. सावलीमुळे एक कळी धरेना, म्हणून वर्षभर तो शेजारच्या फणसाच्या नावाने खडे फोडत होता.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर तो मागे आला. गुलाब सावलीतच होते. सावलीच्या टोकाला पाण्याच्या टाकीचा आकार उमटला होता. त्याच्याच गच्चीवरच्या टाकीचा.

पलीकडे उघड्या पडलेल्या ओट्यावर मावशी डोळ्यांवर पदर ओढून वालाच्या शेंगा सोलत होत्या. "आता पडतंय ना रे ऊन?"

"पडतंय, मावशी," मोरेश्वर जमिनीकडे बघत म्हणाला.